पानमळ्यातलं रबराचं झाड

शनिवारी सकाळी माझा भाऊ माधव आरशासमोर दाढी करत होता. तो खाली बसला. शेजारचे डॉक्टर आले. दुपारी त्यांनी मृत्यूचा दाखला लिहून दिला. संध्याकाळी आम्ही त्याला पुण्याहून साताऱ्याला नेलं.

सातारा

साताऱ्यात आमचा चुलतभाऊ अरुण राहतो. माधवनं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे अग्नी अरुणनं दिला आणि पुढचे दिवसही त्याच्याच घरी धरले गेले. घोंगड्यावर बसायचं, फोडणीशिवायचं पिठलं आणि भात जेवायचा, येणाऱ्याला तेच तेच सांगायचं. कसं झालं? दाढी करत होता. काही त्रास होता का? नव्हता. तीन दिवस मी हे सांगितलं. चौथ्या दिवशी मी घरातल्या घरात फिरत राहिले. खिडकीशी जायचं, परत यायचं, पाण्याचा तांब्या उचलायचा, पाणी न पिता ठेवायचा. अरुणची बायको म्हणाली, "ताई, तुम्ही जरा पडा बघू." मला पडता येत नव्हतं.

माधव आणि मी पुण्यात एकाच घरात राहत होतो. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी माझे यजमान गेले आणि मी माधवकडे आले, ती तिथंच राहिले. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. तो वनस्पतींच्या प्रयोगशाळेत होता. गेली काही वर्षं तो रबराच्या झाडाचा जनुकीय मजकूर वाचत होता. सगळा मजकूर नव्हे, तो अफाट असतो. त्यातला एक लहानसा तुकडा, वेगवेगळ्या झाडांमधला. फिल्मवर काळ्या रेघांच्या चार रांगा उमटतात. त्या खालून वर वाचत जायच्या आणि ए, टी, जी, सी या चार अक्षरांत उतरवायच्या. कधीकधी तो फिल्म घरी आणायचा. तो वाचायचा, मी लिहायची आणि मग मी उलटून तपासायची. अर्थ न कळणारा मजकूर तपासणं सोपं जातं, डोळा वाहवत नाही.

मलायापासून केरळपर्यंतच्या बागांमधली झाडं अगदी थोड्या रोपांची वंशावळ आहेत, आणि हल्लीची तर एकाच झाडाचे डोळे भरून, म्हणजे कलमं करून, वाढवलेली असतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. त्याला बियांपासून वाढलेलं, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या बागेतलं झाड हवं होतं. तसं एक त्याला आदल्या वर्षी सापडलं होतं, तेही मिरजेच्या पलीकडे, एका लग्नाला गेला असताना. नागवेलीच्या पानमळ्यातून वर आलेला शेंडा त्याला रस्त्यावरून दिसला. त्यानं मळेवाल्याला सांगून ठेवलं होतं की नवी पालवी फुटली की कळवा. त्या मळेवाल्यांचं, तात्यांचं, पालवी फुटल्याचं कार्ड शुक्रवारी आलं. माधवनं पिशवी भरून दाराशी ठेवली होती. जुन्या पानातून मजकूर नीट सुटत नाही, चिकानं सगळं गिचमिड होतं. कोवळं, तांबूस पानच लागतं, आणि ते थोडेच दिवस तांबूस राहतं.

ती पिशवी साताऱ्याला माझ्याबरोबर आली होती. का आणली ते मला सांगता येणार नाही. पाचव्या दिवशी सकाळी मी ती खांद्याला लावली.

"दहाव्याला तरी ये," अरुण म्हणाला. येते म्हटलं आणि निघाले.

रहिमतपूर

साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब आहे, आणि गाडी आली तेव्हा उन्हं चढली होती. मी खिडकीशी बसले, मग दाराशी जाऊन उभी राहिले, मग दुसऱ्या बाकावर बसले. समोरचे फेटेवाले गृहस्थ हे सगळं बघत होते.

"कुठवर?"

"मिरज."

"काय काम काढलं?"

खरं कारण सांगितलं तर पुढचे प्रश्न येतील, म्हणून मी म्हटलं, रबराचं झाड बघायला चाललेय.

"त्येला मिरजेला कशापायी जाताय? आमच्या आत्तीच्या दारात हाय की, रहिमतपुरात. ही एवढी पानं." त्यांनी हातभर माप दाखवलं.

पान हातभर म्हणजे ते झाड नव्हे, हे मला कळत होतं. तरी मी त्यांच्याबरोबर रहिमतपूरला उतरले. गाडीत बसून राहण्यापेक्षा उतरणं बरं वाटलं.

आत्तीबाई दारात शेंगा फोडत होत्या. झाड मोठं, तेजदार, फांद्यांवरून मुळ्या लोंबणारं, वडाच्याच गोतावळ्यातलं. बंगल्याबंगल्यांच्या कुंड्यांत असतं ते. मी सांगितलं की याला रबर म्हणतात खरं, पण बागांमधलं रबर याचं नसतं.

"कोन म्हणतंय?"

"माझा भाऊ."

"त्येला म्हणावं, हितं ये आन बघ. आमची पोरं ह्येचा चीक वाळवून पाटीवरचं पुसायची. पुसतंय म्हंजी रबर झालं का न्हाई?"

मी झालं म्हटलं. त्यांनी पदरातल्या ओंजळभर शेंगा माझ्या हातात घातल्या आणि भावाला दाखवा म्हणून एक पानही तोडून दिलं. ते मी नको म्हणू शकले नाही. पुढची एसटी विट्याची होती. पुसेसावळी गेल्यावर डोंगर उघडे होत गेले, रंग गव्हासारखा झाला, आणि वळणावर वरच्या फळीवरून माझी पिशवी खाली आली. कंडक्टरनं ती उचलून दिली. मी ती उघडून पाहिली नाही. विट्याला गाडी बदलली, तासगावच्या पुढं रस्त्याकडेला द्राक्षाचे मांडव सुरू झाले. सगळीकडे औषध फवारणारी माणसं होती, तोंडाला फडकी बांधलेली.

सांगली

लॉजच्या व्यवस्थापकानं नाव लिहून घेतलं आणि थांबला.

"बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग येणार आहे का कोणी मागून?"

"नाही."

त्यानं पेन टोपण लावून ठेवलं, मला नीट पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि मग किल्ली दिली. "दार आतनं लावून घ्या, मावशी," म्हणाला. त्याआधी मला कुणी मावशी म्हटलं नव्हतं.

खोलीत पिशवी उघडली. माधवनं आत कागदी पाकिटं, चिमटा आणि एक बरणी ठेवली होती. बरणीत निळे दाणे. नव्या बुटांच्या खोक्यातल्या पुडीत असतात तसलेच, हवेतली ओल शोषणारे. पान या दाण्यांत पुरलं की लवकर सुकतं आणि आतला मजकूर शाबूत राहतो. बरणीचं झाकण तडकलं होतं, शेजारची पाण्याची बाटली गळली होती, आणि दाणे गुलाबी झाले होते. गुलाबी म्हणजे पोट भरलं, आता आणखी ओल पिणार नाहीत.

बाहेर जाऊन चहा घेतला, भडंगाची पुडी घेतली आणि तशीच परत आणली. कृष्णेच्या घाटापर्यंत चालले, पायऱ्या उतरले नाहीत, परत फिरले. मिरजेला जायचं की उलट साताऱ्याला, हे ठरवायला दोन चकरा लागल्या. दाणे फुकट गेले होते, पानं मिळाली तरी ठेवायची कशात? मग वाटलं, निदान जाऊन सांगावं तरी की माणूस येणार नाही. कार्डाला उत्तर गेलं नव्हतं.

मिरजेच्या पलीकडे

पानमळा मी आधी पाहिला नव्हता. लांबून तो चौकोनी रानासारखा दिसतो. शेवरी, हादगा, शेवगा यांची बारीक खोडं ओळीनं उभी आणि प्रत्येकावर नागवेल चढवलेली. भोवती गवताचं आणि ज्वारीच्या ताटांचं दाट कूड, वारा आत जाऊ नये म्हणून. आतून पाटाच्या पाण्याचा आवाज येतो. आणि या सगळ्याच्या वर, एका कोपऱ्यात, सरळ करड्या खोडाचं एकटं झाड.

तात्या साठीचे, अंगठ्यात पत्र्याचं नख अडकवलेले. पानं त्यानं खुडतात. "सायेब?" त्यांनी माझ्या मागं रस्त्याकडे पाहिलं.

"मी त्यांची बहीण. त्यांना यायला जमलं नाही."

हे खोटं नव्हतं. तात्यांनी अंगणात बाज टाकली, चहा सांगितला, आणि स्वतः आत जाऊन एक करंडी घेऊन आले. वर ओलं गोणपाटाचं किलतान, खाली केळीचं पान. "तुमची वाट बघूनशान पिकत घातलीत. अगदी इड्याच्या पानावानी. एकबी फाटकं न्हाई."

त्यांनी केळीचं पान उचललं. आत रबराची पानं होती, तिनाच्या तिनाच्या झुपक्यांनी, देठाला देठ लावून गोल रचलेली. इतकी सुबक रचना मी क्वचितच पाहिली आहे. सगळी पानं काळी पडली होती आणि आंबूस वास येत होता. विड्याचं पान असं ओल्यात, अंधारात ठेवलं की पिवळं आणि मऊ होतं, त्याला जास्त दर येतो. तात्यांनी आयुष्यभर पानांसाठी जे केलं तेच या पानांसाठी केलं होतं.

"कोवळी हवी होती," मी म्हटलं. "आणि तोडल्या तोडल्या सुकवायची होती."

"कवळं पान?" त्यांना खरंच कळेना. "कवळं न्हेऊन करायचं काय? त्येला ना रंग, ना टिकाव. ही बघा की, पक्की पानं. आकडीनं वरनं काढलीत."

तात्यांची आई चुलीपाशी बसली होती. तिनं माझ्या हातातली बरणी बघितली. "साबुदाणा हाय का?"

मी दाण्यांचं सांगितलं. ओल प्यायलेत, आता कामाचे नाहीत.

"मग भाजायचं की." तिनं एक फुटका तवा ओढला, सगळी बरणी त्यावर ओतली आणि मंद जाळावर उलथन्यानं हलवत बसली. मी नको म्हणणार होते. थोड्या वेळानं काठाचे दाणे जांभळे झाले, मग निळे. मी तिच्याशेजारी चुलीपुढं बसले. सबंध आठवड्यात मी एका जागी एवढी बसले नव्हते. "खायाचं न्हाई न्हवं हे?" तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर तिनं तो तवा वेगळा ठेवला, त्यात पुन्हा काही करायचं नाही म्हणून सुनेला बजावलं.

एवढ्यात रस्त्यावरून हाक आली. "बाळू, पावणं आलं म्हणं रबराचं?"

"सुभेदार आलं," तात्या हसले. "आता लढाई ऐका."

सुभेदार पंचाहत्तरीचे असतील. खाकी स्वेटर, काठी. कुडाच्या बाहेर रस्त्याच्या कडेला दगड होता त्यावर बसले. मी बाहेर जाऊन नमस्कार केला. "जय भीम," ते म्हणाले. "बी म्या आणलं. ह्यो बाळू सांगत न्हाई कुणाला."

"सांगतो की आवं. सगळ्यांस्नी सांगतो," तात्या म्हणाले.

"लढाई संपल्याव मलायात रबराच्या बागंत तंबू ठोकून पडलो हुतो. पयल्या राती बोंडं फुटाया लागली. फाट्, फाट्. सगळी पलटन बंदुका घिऊन भाईर. वर बघतोय तर झाडंच गोळ्या घालत्यात." ते स्वतःशीच हसले. "तितला एक तमिळ मानूस म्हणला, बी न्ह्यायचं तर ओल्या कोळशाच्या भुकटीत घाल. पेटीत घाटलं. हितं आल्यावर चार उगावली. माज्याकडं पानी न्हवतं, म्हणून ह्येच्या बाला दिली. एक जगलं."

"आता बघता तेव्हा कसं वाटतं?"

"हितनंच बघतो. आत कवा गेलोच न्हाई."

मी तात्यांकडे पाहिलं. ते नख काढून पुन्हा अंगठ्यात घालत होते.

"तवा कोन जाऊ देतंय आमास्नी मळ्यात?" सुभेदार म्हणाले. "वेल जळतोय म्हणायची. आता ह्यो म्हणतो, या. म्या म्हणलं, आता गुडघं ऐकंनात."

मी तात्यांना म्हटलं, कोवळी पानं आहेत का अजून कुठं? होती. मागच्या साली वेलावर सावली येते म्हणून एक फांदी तोडली होती, त्या खुंटाला हाताशी येतील असे कोंब फुटले होते, अजून तांबडे.

"तेवढे खुडून द्याल?"

तात्यांनी हात मागं घेतले. "शेंडा आमी खुडत न्हाई, बाई. कशाचाच. मळ्यात शेंड्याला हात लावला तर मळा बसतो. माज्या हातानं व्हायचं न्हाई. तुमी खुडा. तुमास्नी कोन न्हाई म्हणत न्हाई."

मी चपला काढायला वाकले.

"एक इचारतो, राग मानू नगा." त्यांनी हात जोडले. "आत जानाऱ्या समद्यांस्नी इचारतोय. घरात कुनाचं काय झालंय का? सुतकाचं मळ्यात चालत न्हाई."

नाही म्हणणं सोपं होतं. कोंब तीसेक पावलांवर होते, दाणे निळे झाले होते, आणि मला त्या वेलींना काही होईल असं वाटत नव्हतं. पण मी नाही म्हटलं असतं तर माधव त्या अंगणात जिवंत राहिला असता, आणि ते मला जमेना.

"साहेब गेले," मी म्हटलं. "शनिवारी."

तात्या बांधावर बसले. "आन म्या पानं दावत बसलोय तुमास्नी," म्हणाले. "किती हौशी मानूस. झाडाला हात लावून बोलत हुता."

मला वाटलं संपलं. मी चपला पुन्हा घालत होते, तेव्हा म्हातारी उलथनं घेऊन दारात आली. "भाऊ सख्खा?"

"सख्खा."

"तुमचं लगीन झाल्यालं?"

"हो. मालक गेले, पुष्कळ वर्षं झाली."

"म्हंजी तुमी सासरच्या. लगीन झाल्याल्या भनीला तीनच दिस. शनवारपास्नं किती झालं? फिटलं की."

हा नियम मला माहीत नव्हता असं नाही. मी तो छापील वाचलेला होता, त्याचं मुद्रितही एकदा माझ्या हाताखालून गेलं होतं. अरुणच्या घरी कुणी तो काढला नव्हता.

"आम्ही एकाच घरात राहत होतो," मी म्हटलं.

"ऱ्हायला काय, भाडेकरूबी ऱ्हातो."

"म्हातारे," सुभेदार दगडावरून म्हणाले, "तुजं शास्तर लय सोयीचं हाय गं. हिला तीन दिस, मला तीन पिढ्या."

"तुला कुनी इचारलं? बस तितंच."

"बसलोयच."

म्हातारीनं मग माझ्या दंडाला हात लावला. "जा, बाई. त्येचं काम हाय न्हवं? मग जा."

तिच्या नियमानं मी तिऱ्हाईत ठरत होते, आणि तिऱ्हाईत होते म्हणूनच मला त्याचं काम पुरं करता येणार होतं. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चपला काढल्या आणि वाकून आत गेले.

आत गार होतं आणि उजेड हिरवा. पाटातून पाणी चाललं होतं, पायाला चिखल लागला. वेलींचा तिखटसर वास. माझ्यामागून तात्या येत होते. झाडाच्या खुंटाला चार कोंब होते, तांब्याच्या रंगाचे, पानं खाली मान टाकल्यासारखी लोंबत होती. मी चिमट्यानं पहिलं पान तोडलं. देठातून पांढरा थेंब आला आणि माझ्या बोटांवर ओघळला. तात्यांनी तोंड फिरवलं. तीन कोंबांची एकेक अशी मी तीन पानं घेतली, चौथा कोंब तसाच ठेवला. बोटांवरचा चीक वाळून त्याचा ताणता येणारा धागा झाला.

बाहेर आल्यावर सुभेदारांनी हात पुढं केला. मी एक पान बरणीत घालण्याआधी त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला.

"असं असतंय व्हय? तीन तीन?" ते म्हणाले. "तितं आमी निसती खोडंच बघितली. चिकाच्या वाट्या बांधलेली. वर कोन बघतंय?"

"चला ना आत. गुडघ्यांना मी हात देते."

"नगं," ते म्हणाले. "आता मला बोलावत्यात, ते झालं. जायाचं का न्हाई ते माजं मी बघतो."

त्यांनी पान परत दिलं. मी तिन्ही पानं कागदात गुंडाळून गरम दाण्यांत नव्हे, निवलेल्या दाण्यांत पुरली आणि बरणीला तात्यांनी दिलेला प्लास्टिकचा कागद बांधला. म्हातारीनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी, वांग्याची तिखट भाजी, वर लाल तर्री. मला फोडणीचा घास गिळायला वेळ लागला. ती समोर बसून होती. "आमच्यात तेराव्यापातूर तळान चालत न्हाई," तिनं सुनेला सांगितलं, "पर ही मोकळी हाय, वाड तिला."

परत

मिरजेहून गाडीनं साताऱ्याला आले. दाणे वाटेत थोडे जांभळे झाले, गुलाबी नाहीत. दहाव्याला मी बायकांत बसले. माझे दिवस केव्हाच फिटलेत हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्या झाडाचा तुकडा माधवच्या सहकाऱ्यानं उन्हाळ्यात वाचला. माधवला वाटत होतं की हे झाड वेगळं निघेल, निदान एका अक्षरानं. ते निघालं नाही. बागेतल्या सगळ्या झाडांत जे अक्षर जिथं होतं ते याही झाडात तिथंच होतं. सहकाऱ्यानं हे मला फोनवर जरा चाचरत सांगितलं. मी तात्यांना कार्ड लिहिलं आणि सुभेदारांनाही वाचून दाखवा म्हटलं. तात्यांचं उत्तर आलं, की चौथा कोंब आता पुरुषभर वाढलाय, वेलावर सावली येते, पण राहू दे म्हटलंय.

तिन्ही पानं संपली. झाड मळ्यात उभं आहे. त्यातला एक तुकडा वाचून झाला आहे, बाकीचं झाड अजून कुणी वाचलेलं नाही.